क्वीन मेरीचं माहेर

26 सप्टेंबर 1934, 27 सप्टेंबर 1938 आणि 20 सप्टेंबर 1967. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या थोडं खाली, क्लाइड नदीच्या काठावर क्लाइडबँक नावाचं गाव आहे. या तीन दिवशी तिथल्या जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीतून तीन अवाढव्य प्रवासी जहाजं पाण्यात उतरली: क्वीन मेरी, क्वीन एलिझाबेथ आणि क्वीन एलिझाबेथ 2. यात आणखी एक तारीख धरा, 24 मार्च 1936. त्या दिवशी बांधून पूर्ण झालेली क्वीन मेरी गोदी सोडून समुद्राकडे निघाली.

आता या तारखांशेजारी पंचांग ठेवा. 1934 आणि 1967 चे दिवस भाद्रपदातल्या पौर्णिमेनंतरचे, म्हणजे चक्क पितृपक्षातले. आपल्याकडे त्या पंधरवड्यात लोक स्कूटरसुद्धा घरी आणत नाहीत, आणि तिकडे राणीच्या हस्ते जहाज पाण्यात सोडलं जात होतं. 1938 चा दिवस नवरात्रातला, अमावास्या नुकतीच सरलेली. मार्च 1936 चा दिवस गुढीपाडव्याच्या आसपासचा, तोही अमावास्येला लागूनच. चारही दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांच्या आत येतात, आणि चारही वेळा महिना मार्च किंवा सप्टेंबर.

यात योगायोग नाही. कोकणातल्या माणसाला कारण सांगावं लागणार नाही, तो एका शब्दात म्हणेल: उधाण.

सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र येते आणि भरती नेहमीपेक्षा जास्त चढते. ही उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. तो भांग. समुद्राचं एवढं पाणी हलायला वेळ लागतो, म्हणून अटलांटिकच्या किनाऱ्यांवर सर्वात मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीच न येता दीड-दोन दिवस उशिरा येते. मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे तेव्हाची उधाणं वर्षातली सर्वात मोठी. क्लाइडबँकच्या अभियंत्यांना यापेक्षा शुभ मुहूर्त ठाऊक नव्हता. नदीत एरवी या जहाजांपुरतं पाणीच नसे.

मग प्रश्न पडतो, पाणी पुरत नव्हतं तर जगातलं सर्वात मोठं जहाज तिथे बांधायला घेतलंच कशाला?

यासाठी आधी नदीची गोष्ट सांगावी लागेल, कारण क्लाइड ही सुद्धा बांधलेलीच आहे. 1755 मध्ये जॉन स्मीटन या अभियंत्याने तिचं पात्र मोजलं. ग्लासगोजवळच्या एका उतारावर ओहोटीला जेमतेम सव्वा फूट पाणी भरलं. माणूस विजार वर करून पलीकडे जाईल एवढंच. ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची मोठी जहाजं शहरापर्यंत येऊच शकत नव्हती. म्हणून त्यांनी 1668 मध्ये वीसेक मैल खाली, खाडीच्या मुखाशी पोर्ट ग्लासगो हे वेगळं बंदर वसवलं होतं. तिथे माल उतरवायचा, छोट्या होड्यांत भरायचा आणि शहरात आणायचा.

1768 मध्ये जॉन गोलबोर्न नावाच्या माणसाने एक युक्ती सुचवली. नदी खणण्याऐवजी तिला अरुंद करा. दोन्ही काठांकडून पात्रात दगडांचे बांध घाला. पाणी तेवढंच, पण वाट अरुंद, म्हणजे प्रवाहाचा वेग वाढणार, आणि वेगाने वाहणारं पाणी तळाचा गाळ स्वतःच वाहून नेणार. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार कशी लांब जाते, तसंच. युक्ती लागू पडली. पुढे 1820 च्या दशकात वाफेवर चालणारी गाळ उपसणारी यंत्रं आली आणि मग शंभर वर्षं हा उपसा थांबला नाही. 1854 मध्ये एक आगबोट पात्रात अडकली, तेव्हा कळलं की एल्डर्स्लीजवळ नदीच्या तळाशी मोठा खडक पसरलेला आहे. तो सुरुंग लावून फोडायला कित्येक वर्षं गेली.

या उपशाचा आणखी एक परिणाम झाला. उथळ, वेड्यावाकड्या पात्रात भरतीची लाट तळाला घासत येते, थकते आणि वर पोहोचेपर्यंत विरून जाते. पात्र खोल आणि सरळ झाल्यावर ही घासाघीस कमी झाली. भरती ग्लासगोपर्यंत लवकर पोहोचू लागली आणि जास्त चढू लागली. माणसाने नुसती नदी खोल केली नव्हती, नकळत तिची भरतीही वाढवली होती. ‘ग्लासगोने क्लाइड घडवली आणि क्लाइडने ग्लासगो’ अशी तिकडे म्हणच आहे.

1871 मध्ये थॉमसन बंधूंनी आपली गोदी शहरातून हलवून खाली मोकळ्या शेतांत नेली. गोदीभोवती वस्ती वाढली आणि गोदीवरूनच गावाला क्लाइडबँक हे नाव पडलं. 1899 मध्ये शेफील्डच्या जॉन ब्राउन कंपनीने ती विकत घेतली. या जागेची खरी किंमत मात्र समोरच्या काठावर होती. तिथे कार्ट नावाची छोटी उपनदी क्लाइडला येऊन मिळते. हजार फुटी जहाजाच्या गोष्टीत त्या संगमाचं काम काय, हे कळायला जहाज पाण्यात कसं उतरतं ते पाहायला हवं.

मुंबईत वाडिया कुटुंबाने बांधलेली जहाजं घसरत पाण्यात गेली नाहीत. 1817 मधली ट्रिंकोमाली घ्या. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. ती मुंबईच्या कोरड्या गोदीत बांधली. काम संपल्यावर गोदीत पाणी घेतलं आणि जहाज जागच्या जागी तरंगू लागलं. क्लाइडवर ही पद्धत नव्हती. तिथे जहाज नदीकडे उतरत्या जमिनीवर, पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं. शेवटच्या दिवशी त्याचं वजन लाकडी घसरगुंडीवर आणायचं, घसरगुंडीला चरबी आणि मऊ साबण फासलेला. मग अडसर काढले की जहाज आपल्याच वजनाने नदीत जातं.

क्वीन मेरीचं त्या दिवशीचं वजन सुमारे 36,700 टन होतं. एवढं धूड सुटल्यावर त्याला परत बोलावता येत नाही, म्हणून काय काय बिघडू शकतं त्याचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. आधी मागचं टोक पाण्यावर जातं. तिथे पाणी पुरेसं खोल नसेल तर पाणी त्याला उचलून धरत नाही. टोक अधांतरी लोंबतं आणि सगळं जहाज घसरगुंडीच्या कडेवर तराजूसारखं कलतं. पाणी पुरेसं असेल तर उलटी अडचण. मागचा भाग तरंगून वर येतो, पुढचा अजून जमिनीवर असतो, आणि काही क्षण हजारो टनांचा भार पुढच्या टोकाखालच्या एका छोट्या टेकूवर येतो. टेकू चिरडला तर जहाजाचं बूड गेलं. म्हणून त्या मिनिटभरात घसरगुंडीच्या टोकाशी किती फूट पाणी आहे यावर सगळं अवलंबून. ते पाणी देणार कोण? उधाण.

एवढं करून जहाज सुखरूप तरंगलं, तरी ते थांबत नाही. क्वीन मेरीची लांबी 1,019 फूट, आणि नदीचं पात्र त्याहून अरुंद. सरळ सोडली असती तर ती पलीकडच्या शेतात जाऊन बसली असती. म्हणून घसरगुंडी तिरकी ठेवली होती, अशी की जहाजाचं मागचं टोक नेमकं कार्टच्या मुखात शिरावं. संगमापाशी पाण्याची रुंदी अचानक वाढते, तेवढीच धावायला जागा. या जहाजासाठी ते मुख आणखी रुंद आणि खोल केलं होतं. शिवाय जहाजाला दोन्ही बाजूंनी साखळदंडांचे ढीग बांधलेले, सगळे मिळून 2,350 टनांच्या घरात. जहाज पुढे सरकेल तसा एकेक ढीग ताणला जाऊन जमिनीवरून खरडत यायचा आणि वेग खायचा. बैलगाडी उतारावर सुटली की मागे ओंडका बांधतात, तोच प्रकार. फक्त इथे ओंडका दोन हजार टनांचा.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी दोघंही हजर. समोरच्या काठावर शेतांत उभे राहिलेले लोक जहाज सुटल्यावर उठलेल्या लाटेत भिजून निघाले. पावसाने आधीच भिजलेले असल्यामुळे फारसा फरक पडला नसावा.

त्यांच्या उत्साहामागे वेगळंच कारण होतं. हे जहाज जवळजवळ मेलेलं होतं. 1930 च्या डिसेंबरात काम सुरू झालं तेव्हा त्याला नाव नव्हतं, गोदीचा क्रमांक तेवढा होता: 534. वर्षभरात मंदीने जहाजाच्या मालकांचा, क्युनार्ड कंपनीचा गळा आवळला आणि डिसेंबर 1931 मध्ये काम थांबलं. गोदीतले तीनेक हजार कामगार ख्रिसमसच्या तोंडावर घरी बसले, आणि त्यांच्याबरोबर देशभरात या जहाजासाठी सुटे भाग बनवणारे आणखी कितीतरी. सव्वादोन वर्षं तो सांगाडा गावाच्या छपरांवर गंजत उभा होता. मला या कहाणीत सर्वात जास्त खुपतो तो हा काळ. खिडकी उघडली की समोर आपलाच बेकार झालेला पगार दिसायचा. तिथले खासदार डेव्हिड कर्कवुड, एकेकाळचे कामगार पुढारी, संसदेत या प्रश्नामागे हात धुऊन लागले. अखेर 1934 मध्ये सरकारने 95 लाख पौंडांचं कर्ज मंजूर केलं. अट अशी की क्युनार्डने आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी व्हाइट स्टार कंपनीशी एकत्र यायचं. 3 एप्रिल 1934 ला कामगार बॅगपाइपच्या सुरांत गोदीत परत गेले. आधी कित्येक टन गंज खरवडावा लागला.

नावाचीही गंमत आहे. क्वीन मेरी हे नाव क्लाइडवर आधीच घेतलेलं होतं. 1933 मध्ये थोडं खाली डम्बार्टनला बांधलेली एक छोटी आगबोट त्या नावाने खाडीत सहलीचे प्रवासी नेत होती. थोरलीला नाव मिळावं म्हणून धाकटीच्या मालकांनी आपल्या बोटीला क्वीन मेरी 2 म्हणायला मान्यता दिली. वयाने धाकटी खरं तर मोठी होती, पण आकारापुढे वयाचं कोण ऐकतं.

आता पाठवणी. पाण्यात उतरल्यावर जहाज दीड वर्ष गोदीशेजारच्या धक्क्याला होतं. यंत्रं, धुरांडी, सजावट, सगळं तिथे चढलं. 24 मार्च 1936 ला ती टगांच्या, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटींच्या, हाती हात देऊन निघाली. समुद्रापर्यंत अंतर फार नव्हतं, पण हा तिच्या आयुष्यातला सर्वात अवघड प्रवास होता असं म्हणायला हरकत नाही.

अडचण अशी. अरुंद, उथळ पाण्यातून मोठं जहाज पुढे सरकतं तेव्हा पुढचं पाणी बाजूंनी आणि बुडाखालून मागे पळतं. वाट चिंचोळी, म्हणून ते वेगाने पळतं. वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो, आणि जहाज त्या कमी दाबात थोडं खाली बसतं. म्हणजे उभं असताना तळाला न लागणारं जहाज चालू लागलं की लागू शकतं. एका काठाच्या जवळ गेलं तर तोच काठ त्याला ओढून घेतो. उपाय एकच, हळू चाला. पण हळू चाललं की सुकाणूला जोर राहत नाही, आणि गावातल्या घरांहून उंच अशी पोलादी भिंत वाऱ्याला शिडासारखी सापडते. टगांनी ओढावं तर तीही वाऱ्याशीच झुंजत असतात. डालम्युअरच्या वळणावर हेच झालं. वाऱ्याने जहाज आडवं सरकवलं आणि ते एकदा नव्हे, दोनदा तळाला लागलं. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. टगांनी सोडवलं, इजा झाली नाही. पण भरती काही थांबत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते तिथेच राहिलं असतं तर पुढची कल्पना न केलेली बरी.

खाली ग्रीनॉकसमोर खाडी खोल होते. तिथे पोहोचल्यावर ती सुटली. पुढच्या महिन्यात अ‍ॅरन बेटाजवळच्या खोल पाण्यात तिची वेगाची चाचणी झाली आणि तिचा वेग 32 नॉटच्या (ताशी 59 किलोमीटरच्या) वर गेला. क्लाइडबँकला मात्र ती पुन्हा कधी आली नाही. यायचं म्हटलं तरी पूर्ण भरलेल्या क्वीन मेरीला 39 फुटांच्या आसपास पाणी लागायचं.

तिचं सासर दूर दक्षिणेला साउथॅम्प्टन. पाठीवर गाव लिहिलं होतं लिव्हरपूल, कारण नोंदणी तिथली. पण 27 मे 1936 ला पहिली अटलांटिक सफर निघाली ती साउथॅम्प्टनहून. तिच्या मापाची कोरडी गोदी तिथे 1933 मध्येच तयार होती. लंडन जवळ, फ्रान्सचा किनारा समोर, हे सगळं खरं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथली विलक्षण भरती. लिव्हरपूलला उधाणाला पाणी आठ-नऊ मीटर वर-खाली होतं, म्हणून गोद्यांना दारं लावून पाणी आत कोंडावं लागतं. साउथॅम्प्टनला फरक चारेक मीटरचा, आणि भरती चढल्यावर दोन-अडीच तास तशीच ठाण मांडून बसते. कधी थोडी उतरून पुन्हा चढते, म्हणून तिला दुहेरी भरती म्हणतात. ज्या जहाजाला भरतीच्या काही मिनिटांसाठी जीव मुठीत धरावा लागला, त्याला इथे तासांची सवड मिळाली.

असं का होतं, याचं तिकडे घरोघरी मिळणारं उत्तर चुकीचं आहे. बंदरासमोर वाइट नावाचं बेट आहे, त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी वेगवेगळ्या वेळी येतं म्हणून दोन भरत्या, असं लोक सांगतात. खरं कारण आख्ख्या इंग्लिश खाडीत आहे. पाण्याने भरलेली परात हलकेच झुलवा. दोन्ही कडांना पाणी वर-खाली होतं, मधे फारसं हलत नाही. इंग्लिश खाडीचंही साधारण तसंच, आणि साउथॅम्प्टन त्या मधल्या पट्ट्याजवळ येतं. म्हणजे मुख्य भरती इथे तशी दुबळी. शिवाय खाडी उथळ असल्यामुळे भरतीची लाट वेडीवाकडी होते आणि तिच्यातून दिवसाला चार-सहा वेळा वर-खाली होणाऱ्या छोट्या लाटा निघतात. तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तशाच. इतर ठिकाणी मुख्य भरतीच्या दणक्यात या उपलाटा बुडून जातात. इथे मुख्य सूरच हलका, म्हणून त्या ठळक होतात आणि भरतीचा शेंडा सपाट करून टाकतात.

युद्धाने थोरलीला माहेरच्या वाटेवर परत आणलं. साउथॅम्प्टन जर्मन विमानांच्या पल्ल्यात होतं, म्हणून अमेरिकेहून सैनिक घेऊन येणारी क्वीन मेरी क्लाइडच्या मुखाशी, गोरॉकजवळ नांगर टाकायची. वर नदीत शिरणं शक्यच नव्हतं. सैनिक छोट्या बोटींतून काठावर जायचे. जुलै 1943 मध्ये एका फेरीत तिने 16,683 माणसं आणली. याच वाटेवर 2 ऑक्टोबर 1942 ला आयर्लंडच्या उत्तरेला ती आपल्याच संरक्षक युद्धनौकेवर, क्युराकोवर आदळली आणि नौकेचे दोन तुकडे झाले. तीनशेहून अधिक खलाशी बुडाले. पाणबुड्यांच्या भीतीने न थांबण्याचा हुकूम असल्यामुळे क्वीन मेरी त्यांना वाचवायला थांबली नाही. फुटलेल्या नाकाने ती तशीच क्लाइडकडे गेली.

धाकट्या बहिणीची, क्वीन एलिझाबेथची पाठवणी तर गुपचूप झाली. 1940 मध्ये तिला बाहेर काढता येईल अशी उधाणं वर्षभरात दोनच होती, आणि भरतीचं कोष्टक जर्मनांनाही वाचता येत होतं. ती साउथॅम्प्टनला जाणार अशी हूल उठवली. फेब्रुवारीच्या उधाणावर ती क्लाइडबँकमधून निघाली आणि काही दिवसांत थेट न्यूयॉर्क गाठलं.

सप्टेंबर 1967 मध्ये क्लाइडबँकला क्वीन एलिझाबेथ 2 पाण्यात उतरली, तेव्हा क्वीन मेरी अटलांटिकवर आपली शेवटची फेरी करत होती. डिसेंबरात ती कॅलिफोर्नियात लाँग बीचला पोहोचली आणि तिथेच हॉटेल होऊन राहिली. क्लाइडबँकची गोदी आता नाही. जहाजांवर बॉयलर चढवणारी 1907 ची टायटन क्रेन तेवढी उभी आहे, आणि जिथे क्वीन मेरी दीड वर्ष बांधून होती तो धक्क्याचा खळगा.

नाव उसनं देणाऱ्या धाकट्या आगबोटीला थोरली निवृत्त झाल्यावर आपलं जुनं नाव परत मिळालं. मधली बरीच वर्षं ती लंडनला टेम्सवर होती. 2016 मध्ये तिला ओढत क्लाइडवर परत आणलं. आता ग्लासगोत नदीकाठी क्वीन मेरी म्हणून जी बोट दाखवतात, ती हीच. तिला अमावास्या-पौर्णिमेची वाट कधी पाहावी लागली नव्हती.